आम्ही खाली सही करणारे

आमच्या घरातला संगणक मी माझ्या शाळेच्या कामासाठी घेतला, पण त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळा टाइप झालेलं वाक्य शाळेचं नाही. ते असं आहे : ‘आम्ही खाली सही करणारे, दापोली तालुक्यातील माजी सैनिक, नम्रपणे अर्ज सादर करतो की...’ पुढचा मजकूर बदलतो. कधी एसटीची फेरी बंद झालेली असते, कधी कुणाच्या बायकोची फॅमिली पेन्शन अडलेली असते, कधी घरपट्टीच्या माफीवरून वाद असतो. पहिलं वाक्य तेच. एकदा मी ते कॉपी करून ठेवलं आणि अण्णांना म्हटलं, आता हे दर वेळी सांगू नका. तरी सांगतात. हात पाठीमागे बांधून, खिडकीबाहेर बघत, प्रत्येक शब्द सुटा सुटा करून. मीही मग बोटं चालवल्यासारखं करते.

अण्णा म्हणजे माझे वडील. १९८२ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, १९९९ साली हवालदार म्हणून बाहेर पडले. घरी आले तेव्हा छत्तीस वर्षांचे होते आणि पेन्शनर होते. मी चौथीत होते. वर्गातल्या बाकीच्या मुलींचे आजोबा पेन्शनर असायचे, माझे वडील होते. बाईंनी ‘वडिलांचा व्यवसाय’ विचारल्यावर मी ‘पेन्शन’ असं सांगितलं होतं आणि सगळा वर्ग हसला होता, ते अजून आठवतं.

त्यांची माजी सैनिक संघटना म्हणजे भातगिरणीच्या मागची एक खोली. वीसेक प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक पत्र्याचं कपाट, भिंतीवर शिवाजी महाराज आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, आणि एक भलं मोठं घड्याळ. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा वाजता बैठक. दहा म्हणजे नऊ पंचावन्न. अध्यक्ष ऑनररी कॅप्टन आहेत, त्यांना सगळे कॅप्टनसाहेब म्हणतात. बाकी मराठा लाइट इन्फंट्रीवाले, महारवाले, तोफखान्याचे दोघे, सिग्नलचे एक आणि नेव्हीतले एक काका, जे कुठलाही विषय निघाला तरी ‘आमच्याकडे जहाजावर’ असं सुरू करतात. गावात एकमेकांच्या वाडीत चहा न घेणारी माणसं इथे एका किटलीतला चहा पितात. हे वाक्य मी आधी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. मग लक्षात आलं, किटली संघटनेची आहे, कुणाच्या घरची नाही.

त्यांचा पहिला सामूहिक अर्ज मी टाइप केला तेव्हाची गोष्ट. मजकूर तयार झाला, खाली तेवीस जणांच्या सह्यांसाठी तक्ता आखला. कागद खुर्च्यांवरून फिरू लागला आणि तोफखान्याच्या एका काकांजवळ येऊन थांबला. ते म्हणाले, ‘सही देतो, पण माझ्या वेगळ्या कागदावर.’ मला वाटलं मजकुरात काही खटकलं. तसं काही नव्हतं. त्यांना एका कागदावर इतक्या सह्यांचीच भीती वाटत होती. दुसऱ्या काकांनाही तसंच वाटायला लागलं. शेवटी मी एकाच मजकुराच्या तेवीस प्रती काढल्या आणि तेवीस जणांनी तेवीस कागदांवर सह्या केल्या. अर्ज ज्या कार्यालयात द्यायचा होता, तिथल्या कारकुनाने तो गठ्ठा बघून विचारलं, ‘हे सगळे वेगळे आहेत का?’

घरी येताना अण्णांनी समजावलं. फौजेत तक्रार करता येते, पण एकट्याने, आपल्या आपल्या साहेबापर्यंत, पायरी न सोडता. दोघा-चौघांनी मिळून एका कागदावर सही केली की त्या कागदाला बंडाचा वास येतो. मी पुढे शोधून पाहिलं तर ते खरंच होतं. संघटना स्थापन करायचा हक्क राज्यघटना सगळ्यांना देते आणि तीच घटना ३३व्या अनुच्छेदात म्हणते की सैन्यदलांच्या बाबतीत या हक्काला किती मुरड घालायची ते संसदेने ठरवावं. शिस्तीसाठी ते हवंही असेल. पण सतरा-अठरा वर्षं ज्याच्या अंगात मुरवलंय की सही एकट्याची असते, तो माणूस बाहेर आल्यावर ‘आम्ही’ कसं लिहिणार? ते त्याला पस्तिशी-चाळिशीत पहिल्यापासून शिकावं लागतं. आमच्या संघटनेला ते शिकायला चार अर्ज लागले. पाचव्या अर्जाला एकच कागद होता. तोफखान्याच्या काकांनी सही केली, पण सगळ्यात खाली, दोन ओळी मोकळ्या सोडून.

आणि सही म्हणजे नुसती सही नाही. आधी नंबर, मग रँक, मग नाव. सोडून पंचवीस वर्षं झाली तरी नंबर चुकत नाही. अण्णा बँकेचा पिन विसरतात, माझा वाढदिवस आईला विचारतात, पण झोपेतून उठवून नंबर विचारा.

मोठ्या मागण्यांची बातमी होते. संघटनेचं रोजचं काम मात्र नावांच्या स्पेलिंगचं आहे. अतिशयोक्ती करत नाही. जवान भरती होतो, लग्न करतो, सुट्टीवरून परत जाऊन बायकोचं नाव युनिटमध्ये सांगतो. तिथला क्लार्क ऐकेल तसं इंग्रजीत लिहितो. ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या नोंदींच्या पत्रकात, छापून येतं, डिस्चार्ज बुकात उतरतं, पेन्शनच्या कागदात जातं आणि तीस-चाळीस वर्षं कुणी त्याच्याकडे बघत नाही. मग एके दिवशी नवरा जातो आणि बाई आधार कार्ड घेऊन उभी राहते.

मागच्या पावसाळ्यात एक काकी आल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, पिशवीत कागदांची सुरळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. माहेरचं नाव नदीचं. लग्नात सासरच्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, ते देवीचं. नवऱ्याने फौजेत सांगताना माहेरचं नाव सांगितलं, कारण तो बायकोला त्याच नावाने हाक मारायचा. आधारवर, रेशनकार्डावर, मतदार यादीत सगळीकडे देवी. पेन्शनच्या कागदात नदी. अण्णांनी विचारलं, ‘काकी, अर्जात नाव कोणतं लावू?’ त्यांनी जरा वेळ घेतला. मग म्हणाल्या, ‘तो हाक मारायचा ता लाव.’

लावून चालणार नव्हतं. पुढे पाच महिने त्या दोन नावांची एक बाई करण्यात गेले. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असा ग्रामपंचायतीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, लग्नानंतर काढलेला जोडफोटो, मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पत्र. जोडफोटो नव्हताच. सापडला तो देव्हाऱ्याच्या मागे, वाळवीने नवऱ्याचा खांदा खाल्लेला. तो चालला. सगळं होऊन पेन्शन सुरू झाली, तर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या वेळी काकींचा अंगठा मशीनवर उठेना. भाताची लावणी, भांड्यांची राख, शेणगोठा यांत रेषा झिजून गेलेल्या. पाच बोटं आळीपाळीने लावून झाली. अखेर डाव्या हाताची करंगळी उठली. संघटनेच्या वहीत अण्णांनी काकींच्या नावापुढे लाल शाईने लिहून ठेवलंय : ‘डावी करंगळी’.

अशी ती वही आहे. कोणाला ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढायचंय, कोणाला सरकारी नोकरीतल्या माजी सैनिकांच्या १५ टक्के राखीव जागांसाठी दाखला हवाय, कोणाची कॅन्टीनमधल्या दारूच्या कोट्याबद्दल तक्रार आहे. या शेवटच्या विषयावर जितकी तळमळीची भाषणं होतात तितकी शहिदांच्या स्मारकावर होत नाहीत, हेही नोंदवते. आणि सतरा जणांच्या कमिटीत एकही बाई नाही, निम्मे अर्ज मात्र बायकांचे असतात. मी हे बोलले तेव्हा कॅप्टनसाहेब म्हणाले, ‘बाळ, तू आहेस ना.’ मी कमिटीत नाही. मी टायपिंग करते.

पण त्यांची थट्टा करायला लागले की मला ३ जून २०२० आठवतो. निसर्ग चक्रीवादळ आलं तो दिवस. टाळेबंदी चालू होतीच. दुपारच्या काही तासांत आमच्याकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांचे पत्रे पतंगासारखे गेले, रस्ते झाडांनी बंद झाले. वीज किती दिवस नव्हती ते मोजणंही पुढे आम्ही सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अण्णा शर्ट खोचून, जुने बूट घालून निघाले. कुणी बोलावलं नव्हतं, फोन बंद होते. भातगिरणीपाशी चौदा जण जमले. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे येणारच. साठी-पासष्टीची माणसं कोयते, करवती आणि एक दोरखंड घेऊन रस्ता मोकळा करत गेली. नेव्हीवाल्या काकांच्या गाठी पहिल्यांदाच कामाला आल्या. संध्याकाळी अण्णा परत आले तेव्हा हाताला फोड होते. मी इतकी वर्षं सेवा, राष्ट्रसेवा हे शब्द २६ जानेवारीच्या भाषणांत ऐकून कंटाळले होते. त्या संध्याकाळी आई त्यांच्या हाताला खोबरेल लावत होती आणि ते चक्क शिट्टी वाजवत होते.

आता मोठ्या मागणीकडे येते. वन रँक वन पेन्शन, म्हणजे एकाच हुद्द्यावरून सारखीच वर्षं करून सुटलेल्यांना, केव्हाही सुटले तरी, सारखी पेन्शन. एका काळात हे शब्द आमच्या घरात भाजी काय करायची यापेक्षा जास्त वेळा बोलले गेले. मुद्दा साधा आहे. १९९९ साली सतरा वर्षं करून सुटलेला हवालदार आणि २००७ साली सतरा वर्षं करून सुटलेला हवालदार, दोघांची पेन्शन सारखी नाही, कारण मधे वेतन आयोग आला आणि पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. साहेबी नोकरीतला माणूस अठ्ठावन्न-साठपर्यंत पगार घेतो, तीन-चार आयोग नोकरीत असतानाच बघतो. जवान पस्तिशीत घरी येतो आणि पुढचे सगळे आयोग बाहेरून बघतो. माजी सैनिक या दुखण्याची सुरुवात १९७३ च्या तिसऱ्या वेतन आयोगापासून मोजतात. राज्यसभेच्या याचिका समितीने २०११ साली ही मागणी रास्त ठरवली. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. ते पुढे आपल्याकडे राज्यपाल झाले तेव्हा अण्णांचं त्यांच्याबद्दलचं मत उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा जरा मवाळ असायचं, ते यामुळे.

जून २०१५ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिकांनी उपोषणाची साखळी धरली. ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या संघटनेने वर्गणी काढून तिघांना पाठवलं, त्यांत अण्णा. खेडहून पनवेल, पनवेलहून दिल्ली, रिझर्वेशन दोघांचंच मिळालेलं. तिकडे चार दिवस बसले. आल्यावर अण्णा आंदोलनाबद्दल फार बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की व्यासपीठाजवळच्या खुर्च्यांवर ऑफिसर होते, जवान मागे सतरंजीवर. ‘निवृत्त झालो तरी फॉल-इन तसंच.’ आठवड्याने, १४ ऑगस्टला, पोलीस त्या म्हाताऱ्यांना जंतरमंतरवरून हटवताना टीव्हीवर दिसले. कुणाच्या तरी अंगावरचा शर्ट फाटलेला आणि त्यावर मेडल्स. अण्णांनी टीव्ही बंद केला आणि अंगणात जाऊन विनाकारण विहिरीचं पाणी शेंदत बसले.

५ सप्टेंबरला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी योजना जाहीर केली. १ जुलै २०१४ पासून लागू, दर पाच वर्षांनी फेरआढावा. आंदोलकांना फेरआढावा दर वर्षी हवा होता, म्हणून त्यांनी ते मानलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारचं धोरण उचलून धरलं, २०१९ चा फेरआढावा मात्र करून थकबाकी द्यायला सांगितलं. त्या थकबाकीच्या हप्त्यांतून आमच्या ओटीवर नवे पत्रे आले. अण्णा ते पत्रे दाखवून म्हणतात, ‘हे पाच वर्षांतून एकदाचे.’ कोणाला काही कळत नाही.

एवढं सगळं टाइप करूनही मला वाटायचं, ही आपल्या वडिलांच्या पिढीची गोष्ट आहे. मग शाळेतल्या एका कार्यक्रमासाठी तालुक्यातल्या शिक्षणाचा इतिहास जमवायला बसले. दापोली म्हटलं की ठरलेली नावं येतात. महर्षी कर्वे इथल्या मुरुडचे. पां. वा. काणे आणि साने गुरुजी दापोलीच्या शाळेत शिकलेले. ती सगळी आलीच. आणि त्यांच्या आड, एखाद-दुसऱ्या ओळीत, मला एक शब्द दिसला जो चौथीत असल्यापासून माझ्या ओळखीचा होता. पेन्शनर.

दापोली ही इंग्रजांची छावणी. जुनी माणसं अजून कॅम्प दापोली म्हणतात, आणि खेड्यातली ‘कापात जातो’ म्हणतात. छावणी उठली तरी फौजेतून निवृत्त झालेले शिपाई इथेच घरं करून राहिले. त्यांच्यात महार पेन्शनर बरेच होते. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनीच्या काळापासून होते. कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ ला पडलेल्यांची नावं आहेत, त्यांत शेवटी ‘नाक’ लागणारी नावं आहेत, ती त्यांची. पलटणीत शिपायांच्या मुलांना शाळा होती. गावात ज्याला शाळेच्या दारात उभं राहता येत नसे, त्याला पलटणीत लिहाय-वाचायला शिकता येई. बाबासाहेबांचे वडील, सुभेदार रामजी सकपाळ, पलटणीच्या शाळेचे चौदा वर्षं मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर तेही आधी दापोलीतच येऊन राहिले, मग साताऱ्याला गेले.

त्या दापोलीत १८८६ साली गोपाळ बाबा वलंगकर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले. मूळ महाडजवळच्या रावढळचे, विचार जोतीराव फुल्यांचे. हवालदार! मी तिथे थांबले आणि अण्णांना हाक मारली. हा माणूस पेन्शन घेऊन स्वस्थ बसला नाही. वर्तमानपत्रांतून लिहू लागला. १८८८ साली अस्पृश्यतेबद्दल धर्मपंडितांना २६ प्रश्न विचारणारी पुस्तिका काढली. भोवतालच्या लोकांना धरून अनार्य दोष परिहारक मंडळी नावाची संघटना उभी केली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं तर बाकीच्या सभासदांना त्यांच्याबरोबर बसणं जड गेलं.

आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला दापोलीतल्या या पेन्शनरांनी एक अर्ज केला. आमच्या मुलांना म्युनिसिपालिटीच्या शाळेत घ्या. शाळा सरकारी पैशावर चालते, मग आमची मुलं बाहेर का? हे ज्यांनी विचारलं त्यांनी फौजेत सरकारचा पैसा मोजून घेतलेला होता, त्यामुळे तो कुठून येतो आणि कुणाचा असतो हे त्यांना नीट ठाऊक होतं. अर्जावर अर्ज झाले. मुलांना घेतलं, पण आत नाही. ओट्यावर.

मी शिक्षिका आहे. शाळेचा ओटा मला माहीत आहे. पावसात तिथे ओल येते, वाऱ्याने पाटीवरचं पुसतं, आणि आतल्या फळ्यावर काय लिहिलंय ते तिरकं, अर्धंच दिसतं. मी दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला आमच्या शाळेच्या ओट्यावर बसून पाहिलं. आतल्या गुरुजींचा आवाज येत होता. शब्द लागत नव्हते.

त्याच सुमारास, १८९२-९३ मध्ये, महारांची फौजेतली भरती बंद झाली. अमक्या जाती लढाऊ आणि तमक्या नाहीत, असा सिद्धांत तेव्हाच्या इंग्रज सेनापतींच्या डोक्यात बसला होता. लॉर्ड रॉबर्ट्स त्याचा मोठा पुरस्कर्ता. पंजाबी, पठाण, गुरखे लढाऊ ठरले. ज्यांच्या बापजाद्यांची नावं स्तंभावर कोरली, ते ठरले नाहीत. १८९४ साली वलंगकरांनी सरकारला उद्देशून विनंतीपत्र तयार केलं, की आमच्या लोकांना पुन्हा भरती करा.

मी ही तारीख आणि घटना अण्णांना वाचून दाखवत होते तेव्हा ते सुपारी कातरत होते. कातरता कातरता थांबले. म्हणाले, ‘त्या पेन्शनरांची स्वतःची पेन्शन चालू होती ना?’

चालू होती. बंद झाली होती ती पोरांची भरती.

‘हं,’ म्हणाले आणि पुन्हा कातरायला लागले.

त्या विनंतीपत्राचा सूर मला सहज पचला नाही हे सांगायला हवं. त्यात सरकारवरची निष्ठा आहे, आम्ही मूळचे क्षत्रिय असा दावा आहे. ज्या माणसाने धर्मपंडितांना २६ प्रश्न विचारले, त्यानेच सरकारपुढे वर्णाचा आधार घ्यावा? आणि ज्या फौजेत घ्या म्हणून विनवायचं ती फौज तरी कुणाची? मी अण्णांकडे हे सगळं तावातावाने बोलले. माझा जुना राग त्यात मिसळला होता, ‘नम्रपणे सादर करतो’वरचा. पेन्शन हक्काची आहे तर नम्रपणे कशाला? अण्णा म्हणाले, ‘अर्ज आपल्या समाधानासाठी लिहीत नाहीत, बाय. ज्याच्या हातात आहे त्याने वाचावा म्हणून लिहितात.’ मला ते पटलं नाही. अजूनही अर्धंच पटलंय. पण तेव्हापासून मी ‘नम्रपणे’ गुपचूप गाळणं बंद केलं. आधी चार-पाच वेळा गाळलं होतं, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं असं मला वाटत होतं. आलं होतं.

पुढचं भराभर सांगते. वलंगकर १९०० साली वारले. पुण्यात शिवराम जानबा कांबळ्यांनी तो धागा उचलला, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, १९१० मध्ये थेट विलायतेत भारतमंत्री लॉर्ड क्रू यांना अर्ज पाठवला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. मग दुसरं महायुद्ध आलं, बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तीच, जिच्यात अण्णा एक्केचाळीस वर्षांनी भरती झाले.

अण्णांनी बोटांवर हिशोब केला. ‘ब्याण्णव ते एक्केचाळीस म्हणजे एकोणपन्नास वर्षं. आमची वन रँक त्र्याहत्तर ते पंधरा, बेचाळीस.’ मग म्हणाले, ‘आपलं बरंच लवकर झालं म्हणायचं.’

पुढच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी हे सगळं बैठकीत सांगितलं. मला वाटलं होतं मराठा लाइट इन्फंट्रीवाले काका ऐकतील न ऐकतील. कॅप्टनसाहेबांनी ऐकलं, आणि विचारलं की तो शाळेचा अर्ज कुणी टाइप केला. टाइप नाही साहेब, हाताने लिहिला असणार. ‘तेच म्हणतो. हवालदाराचं अक्षर चांगलं असेल.’ एवढीच प्रतिक्रिया. तोफखान्याच्या काकांनी मात्र एक विचारलं : ‘एकाच कागदावर सह्या होत्या?’

मागच्या गणपतीत वाडीतला एक मुलगा सुट्टीवर आला होता. अग्निवीर आहे, सुरुवातीच्या तुकड्यांतला. केस बारीक, पाठ ताठ, मोबाइल सतत हातात. बैठकीच्या दिवशी भातगिरणीपाशी घुटमळत होता, नेव्हीवाल्या काकांनी आत बोलावलं. चहा घेतला. मग म्हणाला, ‘काका, माझी चार वर्षं संपत आलीत. ठेवलं नाही, तर मला इथे मेंबर होता येईल ना?’

कॅप्टनसाहेबांनी कपाटातून सभासदत्वाचा फॉर्म काढला. तो मीच टाइप केलेला आहे. नंबर, रँक, नाव, पलटण, भरती, डिस्चार्ज, आणि शेवटी पीपीओ क्रमांक, म्हणजे पेन्शन मंजुरीचा. त्या ओळीवर बोट ठेवून ते थांबले. अग्निवीरांना पेन्शन नाही. जाताना सेवानिधीचे ११.७१ लाख, आणि शंभरातल्या जास्तीत जास्त पंचवीस जणांना पुढे कायम ठेवणार. बाकीचे ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही. नियमात बसत नाही तो आमच्या नियमावलीत कसा बसणार, असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, चार वर्षांत काय फौज कळते. त्यावर नेव्हीवाले काका भडकले. अर्धा तास चालली बाचाबाची. चार वर्षं म्हणजे शिपाई की नाही, यावर पोराच्या तोंडावर भांडत होते. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता.

अण्णा बोलले नव्हते. मला म्हणाले, ‘लॅपटॉप आणलायस?’ आणि हात पाठीमागे बांधून खिडकीकडे तोंड केलं. ‘आम्ही खाली सही करणारे,’ त्यांनी सुरू केलं. ‘दापोली तालुक्यातील माजी सैनिक...’

या वेळी मी खरंच टाइप करत होते.

अर्ज एका पानाचा झाला. चार वर्षांनी सुटणाऱ्यांना माजी सैनिक धरा, एवढंच मागणं. गिरणीवाल्याच्या प्रिंटरवर काढून आणला. तक्ता फिरायला लागला. जो म्हणाला होता चार वर्षांत काय कळतं, त्याने सही केली, चेहरा तसाच ठेवून. नियमात बसत नाही म्हणणाऱ्याने केली नाही, मुकाट्याने पुढे सरकवला. तोफखान्याच्या काकांनी नंबर, रँक, नाव लिहिलं आणि पेन पलीकडे दिलं. पलीकडे तो पोरगा होता. त्याने पेन घेतलं, कागदावर वाकला.

‘तुझी नको,’ अण्णा म्हणाले. ‘तू अजून आत आहेस.’

त्याने पेन परत दिलं. पंख्याने कागद उडत होता म्हणून त्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून उरलेल्या सह्या होईपर्यंत तसाच उभा राहिला.